धागा तिचा, गाठही तिचीच

काही गोष्टी बघताना डोळ्यांच्या आधी हात पुढे होतात. ज्युडिथ स्कॉटची शिल्पं तशी आहेत. काही कुशीत मावतील एवढी, काही आडव्या झालेल्या माणसाएवढी. लोकर, सूत, सुतळी, दोऱ्या, कापडाच्या पट्ट्या यांचे वेढ्यांवर वेढे, आणि त्या वेढ्यांच्या आत खोल कुठेतरी काहीतरी ठेवलेलं. विटकरी रंगावरून मोरपंखी धागा आडवा जातो, मध्येच थांबतो, आणि त्याच्या खालून आधीच्या कुठल्यातरी दिवसाचा पिवळा डोकावतो. बघणाऱ्याला वाटतं, बोट घालून तो पिवळा जरा मोकळा करावा. लगेच वाटतं, नको. तो कोणीतरी जपून ठेवलेला आहे.

ब्रुकलिन म्युझियममध्ये तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन 2014 च्या ऑक्टोबरमध्ये लागलं आणि पुढच्या मार्चपर्यंत चाललं. 'बाउंड अँड अनबाउंड' असं त्याचं नाव. त्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला मामेबहिणीकडे होते. दालनात शिरले आणि हात आपोआप पाठीमागे बांधले, कारण ते मोकळे ठेवण्याचा मला भरवसा वाटेना. शेजारच्या पाट्यांवर शीर्षकं नव्हती. प्रत्येक पाटीवर 'अनटायटल्ड', वर्ष आणि साहित्य. ज्युडिथनं एकाही कामाला नाव दिलेलं नाही. ती बोलत नव्हती, लिहीत नव्हती, तिला ऐकू येत नव्हतं. आपण काय केलं, का केलं, कोणासाठी केलं, याबद्दल तिच्याकडून आलेला एक शब्दही जगात कुठे नोंदलेला नाही. तिची कामं तेवढी आहेत, दोनशेच्या आसपास.

मी तिथवर गेले ती माझ्या धाकट्या भावामुळे. तो डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. मी ब्रुकलिनमध्ये त्या शिल्पांपुढे उभी होते तेव्हा तो इकडे सांगलीत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एसटी काढत असणार. तो एसटीच काढतो. तेलखडूंनी, जाड कागदावर, खडू मोडेपर्यंत दाबून. त्याच्या एसटीला चाकं नसतात. खिडक्या मात्र असतात, इतक्या की कागद संपतो आणि खिडक्या उरतात. मग तो दुसरा कागद मागतो. 'ताई, अजून.' दुसरा कागद पहिल्याला चिकटवून दिला की एसटी पुढे निघते. आमच्या घरात कपाटाच्या माथ्यावर गुंडाळ्या करून ठेवलेल्या अशा एसट्या आहेत, आणि त्यातली एक उलगडायला बैठकीची खोली पुरत नाही.

डाऊन सिंड्रोम म्हणजे शरीराच्या पेशींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी 1866 मध्ये त्याची लक्षणं नोंदवली. त्यामागचं कारण कळायला 1959 उजाडलं. पॅरिसमध्ये झेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पां यांनी ते जादा गुणसूत्र दाखवून दिलं. पण आई-वडिलांना हे सगळं सूक्ष्मदर्शकातून भेटत नाही, ते हातातून भेटतं. बाळाचा हात उचलला की तो नेहमीपेक्षा सैल लागतो. स्नायूंचा ताण कमी, सांधे लवचीक, बोटं आखूड. पुष्कळदा तळहातावर आडवी एकच रेघ. पेन्सिल धरणं, बटण लावणं, कात्री चालवणं, सगळं उशिरा येतं. आपल्याकडे शाळा म्हणजे लिहिणं, आणि लिहिणं म्हणजे पेन्सिलीची पकड. ज्याची पकड उशिरा येते त्याच्या डोक्यातही काही उशिराच येत असणार, असं आपण कधी ठरवून टाकतो ते आपल्यालाही कळत नाही. खरं तर अशा बहुतेक मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवायला जड जातं, पण पाहिलेलं त्या मानानं चांगलं लक्षात राहतं. निम्म्याहून अधिक मुलांना कानाचाही त्रास असतो. म्हणजे ज्या दाराशी आपण त्यांना हाका मारत उभे असतो ते दार अडकलेलं असतं, आणि शेजारचं सताड उघडं असतं.

ज्युडिथच्या बाबतीत या अडकलेल्या दाराची किंमत पस्तीस वर्षं झाली.

ती 1 मे 1943 रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत जन्मली. जुळ्या बहिणी, ज्युडिथ आणि जॉयस. जॉयसला डाऊन सिंड्रोम नव्हता. दोघी एकत्र झोपायच्या, अंगणात मातीवाळूत एकत्र खेळायच्या. ज्युडिथ बोलत नव्हती. तान्हेपणीच्या स्कार्लेट फीव्हरमध्ये तिची ऐकण्याची शक्ती गेली असावी असं नंतर मानलं गेलं, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बहिरेपणाची शंकाही न घेता तोंडी प्रश्न विचारून तिची बुद्धी मोजली गेली. जी ऐकतच नव्हती ती उत्तर काय देणार? ती शिकण्याजोगी नाही, असा निकाल लागला. त्या काळचे डॉक्टर अशा मुलांना संस्थेत ठेवण्याचाच सल्ला देत, आणि तो कळवळ्यानं दिलेला असे. 18 ऑक्टोबर 1950 च्या सकाळी सात वर्षांची जॉयस जागी झाली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ज्युडिथला कोलंबसच्या सरकारी संस्थेत नेलं होतं. पुढे तिला गॅलिपोलिसच्या संस्थेत हलवलं.

त्या पस्तीस वर्षांच्या कागदपत्रांत चित्रकलेशी संबंधित अशी एक नोंद सापडते. ज्युडिथनं रंगीत खडू हाती घेतले होते. चित्र काढण्याइतकी तिची कुवत नाही म्हणून ते काढून घेतले गेले. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. खडू हिसकावणाऱ्या माणसाला मी दुष्ट मानत नाही. त्याला खात्री होती, एवढंच. तो खडू वाया जाईल, तोंडात जाईल, भिंतीवर जाईल अशी खात्री. आपल्याकडेही ती खात्री घरोघर आहे आणि तिचा आवाज फार मायेचा आहे. 'अरे, त्याला नको देऊ, त्याला कशाला त्रास.'

जॉयस मोठी झाली, परिचारिका झाली. विकासात मागे पडलेल्या मुलांसोबत तिनं काम केलं. चाळिशीत तिच्या मनानं घेतलं की जुळी बहीण आता आपल्यापाशीच राहायला हवी. कायदेशीर पालकत्वासाठी ती झगडली आणि 1986 मध्ये ज्युडिथला कॅलिफोर्नियात आपल्याकडे घेऊन आली. तिथे 1969 च्या लँटरमन कायद्यानं बौद्धिक अक्षमता असलेल्या नागरिकांना आधारसेवांचा हक्क दिलेला आहे. त्या आधारानं 1987 मध्ये ज्युडिथ ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ आर्ट सेंटरमध्ये जाऊ लागली.

या जागेपाशी मला थोडं थांबायचं आहे. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ ही कलाशिक्षिका आणि तिचा मानसशास्त्रज्ञ नवरा इलायस कॅट्झ, या दोघांनी 1974 मध्ये ती सुरू केली, आणि सुरुवात झाली ती घरच्या गॅरेजमध्ये. मोठमोठ्या सरकारी संस्था तेव्हा रिकाम्या होत होत्या आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. कॅट्झ दांपत्याचं उत्तर असं की त्यांना चित्रकाराला लागतं तेच द्यावं: टेबल, उजेड, साहित्य, वेळ, आणि शेजारी काम करणारा दुसरा चित्रकार. पुढे ओकलंडमधल्या एका जुन्या मोटार-दुरुस्तीच्या जागेत ही कार्यशाळा स्थिरावली. तिथले मार्गदर्शक स्वतः कलाकार असतात. ते साहित्य पुरवतात, तंत्र विचारलं तर दाखवतात, आणि कलाकाराच्या कामावर आपला हात फिरवत नाहीत. तिथे गॅलरीही आहे, काम विकलं जातं आणि किमतीतला वाटा ते करणाऱ्याला मिळतो.

आणि ज्युडिथनं तिथे पहिली जवळजवळ दोन वर्षं जेमतेम काही केलं. कागदावर गोल-गोल गिरगटे, तेही मन नसताना. मला तिच्या साऱ्या चरित्रातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारण दोन वर्षं हा फार मोठा काळ आहे. कुठल्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात तो मावत नाही. 'प्रगती नाही' असा शेरा मारून तिला बाजूला बसवता आलं असतं, मणी ओवायला किंवा पाकिटं चिकटवायला लावता आलं असतं. कोणी तसं केलं नाही. तिची खुर्ची तिची राहिली. मग एकदा सिल्व्हिया सेव्हंटी ही धाग्यांत काम करणारी कलाकार तिथे वर्ग घ्यायला आली. ज्युडिथनं तिथल्या काटक्या उचलल्या, त्यांना सूत गुंडाळलं, आणि त्या दिवसानंतर ती थांबली नाही. तेव्हा तिनं पंचेचाळिशी गाठली होती. पुढची सोळा-सतरा वर्षं ती रोज त्या टेबलाशी बसून काम करत राहिली.

तिची पद्धत तिनं स्वतः घडवली होती. आधी गाभा ठरायचा. काटक्या, नळ्या, पुठ्ठे, मोडक्या वस्तू, आणि कार्यशाळेत जे हाताला लागेल ते. पंखा, छत्री, कोणाच्या किल्ल्या. दुसऱ्याची वस्तू ती हळूच उचलायची आणि गाभ्यात दडवायची. तिथल्या लोकांनी पुष्कळदा हे चालू दिलं. शेवटच्या वर्षांत तर तिनं खुर्ची आणि दुकानातली चाकाची ढकलगाडीसुद्धा गुंडाळली. गाभा ठरला की पट्ट्यांनी, दोऱ्यांनी तो बांधायचा, मग एकावर एक थर. वेढे, गाठी, धाग्याखालून धागा काढून केलेली वीण. एकेका कामाला आठवडे, कधी महिने लागायचे. मधल्या थरांतली कितीतरी सुंदर वीण पुढच्या थराखाली कायमची झाकली जायची. तिची तिला खंत नसावी. बघणाऱ्याला दाखवण्यासाठी जी माणसं काम करतात त्यांना हे जमणार नाही. आतला थर असतो, तो आहे हे करणाऱ्याला माहीत असतं, आणि तेवढं पुरतं.

आपल्याकडच्या बायकांना हे हात ओळखीचे वाटतील. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला वडाभोवती फिरताना खोडावर सूत चढत जातं, एकीच्या वेढ्यावर दुसरीचा वेढा, आणि दुपारपर्यंत खोडाची साल दिसेनाशी होते. तिथे प्रत्येक वेढ्याला एक मागणं बांधलेलं असतं. ज्युडिथच्या वेढ्यांना काय बांधलेलं होतं ते आपल्याला माहीत नाही. सुरुवातीच्या तिच्या कामांत पुष्कळदा दोन रूपं एकमेकांना बांधलेली दिसतात, आणि जुळ्या बहिणीची कथा माहीत असलेल्याला त्यातून हटकून काहीतरी वाचावंसं वाटतं. ते खरं असेलही. पण दालनात उभं राहून मला जाणवलं ते वेगळंच. रंगाशेजारी रंग कुठला यावा, ताण कुठे घट्ट हवा, कुठे सैल, फुगवटा कुठे थांबवायचा, हे सगळे निर्णय होते. एकेका शिल्पात हजारो निर्णय. निर्णय घेता येत नाहीत अशी जिची नोंद झाली होती तिनं घेतलेले.

एक काम तर मी कितीतरी वेळ बघत राहिले. ते 1994 चं आहे आणि त्यात धागा नाही. कधीतरी तिच्या हाताशी सूत उरलं नव्हतं. तिनं हात पुसायचे कागदी रुमाल आणले, ते पिळले, त्यांच्या गाठी मारल्या आणि त्यांचंच शिल्प उभं केलं. पांढरट, खडबडीत, रंगांचा कसलाही आधार नसलेलं. माझ्या मते तिथे सगळी शंका मिटते. तिला लोकरीचा लळा होता म्हणून ती गुंडाळत होती, हाताला चाळा म्हणून करत होती, असं म्हणणाऱ्यांनी त्या कागदी शिल्पापुढे जाऊन उभं राहावं. साहित्य संपलं तरी काम संपलेलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

आणि काम कधी संपलं हेही तिलाच कळायचं. पुरं झालेलं शिल्प ती आपल्यापासून दूर सारायची. बस. त्यानंतर त्यात एक गाठ वाढायची नाही. भाषा नसलेल्या बाईनं आपलं शेवटचं मत इतक्या स्पष्टपणे द्यावं आणि आजूबाजूच्या शिकल्या-सवरल्यांनी ते मानावं, हे मला त्या कार्यशाळेचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

कारण हे मत मानलं न जाण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी भाऊ एका कार्यशाळेत जात होता. तिथे वर्षातून एकदा प्रदर्शन असायचं. त्यानं काढलेली एसटी लावली होती. पण तिला चाकं होती. वर सूर्य होता, दोन डोंगर होते, उडणारे पक्षी होते आणि कंडक्टरचा हसरा चेहरा. ते सगळं सराईत हातानं, नीट, रेघेबाहेर न जाता काढलेलं. भाऊ त्या चित्राशेजारी नवा शर्ट घालून उभा होता. लोक त्याचं कौतुक करत होते, 'वा, किती छान काढलंयस!' म्हणत होते. त्यानं चित्राकडे बघितलं, चाकांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'माझं नाही.' कोणी ते ऐकलं नाही. ज्या बाईंनी चाकं काढली त्यांच्या मनात प्रेमच होतं. चित्र पुरं दिसावं, पोराचं नाव व्हावं, एवढीच इच्छा. पण त्या दिवशी एका चित्रकाराचं चित्र त्याच्या हातून गेलं, आणि ते गेल्याचं फक्त त्याला कळलं.

अशा कामांबद्दल बोलताना आपल्या तोंडी दोन तऱ्हेची वाक्यं येतात. एक, 'बघा, असं असूनही किती करतो!' दुसरं, 'देवानं एक हिरावलं, दुसरं दिलं.' दोन्ही वाक्यं चित्राकडे न बघता बोलता येतात. कौतुक करणाऱ्यानं भावाला कधी विचारलेलं नाही की या खिडकीला जांभळा का आणि पुढच्या तीन खिडक्या कोऱ्या का. मी विचारलं आहे. जांभळ्या खिडकीत त्याच्या मते कोणीतरी झोपलेलं असतं. कोऱ्या खिडक्यांमधून वारा येतो. एवढं सांगून तो पुन्हा कामाला लागतो. त्याला उत्तर देण्यात रस नसतो, पुढच्या खिडकीत असतो. हा मला खऱ्या कलावंताचा स्वभाव वाटतो, आणि तो त्याला कोणत्याही गुणसूत्रानं दिला किंवा नाकारला असं मला वाटत नाही.

ज्युडिथबद्दल मोठमोठ्या विद्वानांनाही एक प्रश्न पडला. जॉन मॅकग्रेगर या कला-इतिहासकारानं 1999 मध्ये तिच्यावर पहिलं पुस्तक लिहिलं आणि तिच्याकडे जगाचं लक्ष वळलं. शिल्प म्हणजे काय, कला म्हणजे काय, याची कल्पनाच नसलेल्या माणसाच्या हातून झालेल्या कामाला कला म्हणावं का, हा विचार त्यानं गंभीरपणे केला. प्रश्न प्रामाणिक आहे. माझं उत्तर सरळ आहे. ओवी रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना काव्यशास्त्र ठाऊक नव्हतं. जात्यावर बसून त्यांनी जे रचलं ते काव्य आहे की नाही, हा वाद आज कोणी घालत नाही. करणाऱ्याकडे कलेची व्याख्या असावी लागत नाही. त्याच्याकडे निवड असावी लागते, आणि ती निवड शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट. ज्युडिथकडे दोन्ही भरपूर होतं.

लिऑन बोरेन्स्टाइन या छायाचित्रकारानं तिचं एक छायाचित्र काढलं आहे. आपल्या शिल्पाला ती मिठी मारून आहे, गाल त्याला टेकलेला, दोन्ही हात पसरून पूर्ण वेढलेले. इव्ह कोसॉफ्स्की सेजविक या विदुषीनं ते 2003 च्या आपल्या 'टचिंग फीलिंग' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतलं. ज्या गोष्टीला आम्हा बघणाऱ्यांना बोट लावायची मुभा नाही तिच्याशी तिचं नातं सर्वांगाचं होतं. तिच्या कलेचं पहिलं आणि बहुधा शेवटचं इंद्रिय डोळा नसून त्वचा असावी. संस्थेतल्या पस्तीस वर्षांत तिला कोणी किती वेळा जवळ घेतलं असेल, हा विचार त्या छायाचित्रापुढे टाळता येत नाही.

15 मार्च 2005 रोजी, कॅलिफोर्नियातल्या डच फ्लॅट या छोट्या गावी, जॉयसच्या घरी ती गेली. बासष्टावं वर्ष पुरं व्हायला काही आठवडे बाकी होते. ती जन्मली त्या काळी डाऊन सिंड्रोम असलेलं मूल दहा-बारा वर्षांपलीकडे जगेल अशी आशा कोणी धरत नसे. आज अमेरिकेत हे सरासरी आयुष्य साठीच्या आसपास पोचलं आहे. औषधं आली, जन्मतः असलेल्या हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि मुलं संस्थांऐवजी घरी वाढू लागली. म्हणजे आता या माणसांकडे वय आहे. पन्नास-साठ वर्षांचं, भरभक्कम. त्या वयाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

तिची शिल्पं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत, लोझानच्या आर्ट ब्रूट संग्रहात आहेत. 2017 च्या व्हेनिस बिएनालेत ती मांडली गेली. क्रिएटिव्ह ग्रोथला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 2024 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयानं तिथल्या कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यांच्या शंभराहून अधिक कलाकृती कायमच्या संग्रहात घेतल्या. गॅरेजमध्ये मांडलेल्या टेबलांपासून संग्रहालयापर्यंतचा हा रस्ता पन्नास वर्षांचा आहे, आणि त्यातली पुष्कळशी वर्षं कोणी बघत नसताना गेली.

आपल्याकडेही सुरुवात उशिरा झालेली नाही. ज्युडिथ जन्मली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1944 मध्ये, मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीच्या निमित्तानं शाळा काढली. तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. ओहायोतले डॉक्टर मूल दूर ठेवा म्हणत होते त्याच दशकात मुंबईतले आई-बाप आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी वर्ग मांडत होते, याचा मला अभिमान आहे. महाराष्ट्रात आज गावोगावी अशा शाळा आणि कार्यशाळा आहेत. दिवाळीला त्यांच्या पणत्या येतात, राखीपौर्णिमेला राख्या, मार्चअखेरीला कागदी पिशव्या आणि फायली. त्या घ्याव्यात, जरूर घ्याव्यात, त्या कष्टाच्या आहेत. पण पणतीवर कुठे कुठला ठिपका द्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. त्या हातांना स्वतःचं काही मांडायला आठवड्यातला एखादा तास तरी आहे का, हे विचारलं पाहिजे. आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम 29 आहे. दिव्यांग कलाकारांना आणि लेखकांना आपली आवड आणि गुण जोपासण्यासाठी सोयी, आधार आणि पुरस्कर्ते मिळावेत यासाठी सरकारनं उपाय योजावेत, असं ते सांगतं. म्हणजे हा हक्क आहे. कोणाच्या दयाळूपणावर तो सोडून द्यायचं कारण नाही.

हा हक्क अंमलात आणायला फार पैसा लागत नाही. रोजचं एक टेबल लागतं. चांगल्या प्रतीचे रंग, धागे, माती लागते, उरलंसुरलं चालत नाही. आपल्या गावातल्या चित्रकारांनी, विणकरांनी, कुंभारांनी अधूनमधून तिथे जाऊन आपलं काम मांडून बसावं लागतं, शिकवायला नव्हे, नुसतं करायला. आणि वाट बघावी लागते. दोन वर्षं काही झालं नाही तरी ती खुर्ची त्याची राहील, एवढी खात्री त्या माणसाला द्यावी लागते. यातलं सगळ्यांत अवघड हे शेवटचं आहे, कारण ते विकत मिळत नाही.

भाऊ आता घरीच काम करतो. कागद आम्ही मोठ्या गुंडाळीचा आणतो, म्हणजे जोड द्यावा लागत नाही. त्याच्या एसटीला आजही चाकं नाहीत. कोणी पाहुणा आला आणि मायेनं म्हणाला, 'अरे, चाकं राहिली की,' तर तो मान हलवून 'झालं' म्हणतो आणि खडू डब्यात ठेवतो.

तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असं कोणी असेल तर त्याला रंग द्या आणि मग आपला हात मागे घ्या. तो काढेल ते बघायला वेळ काढा, त्याला त्याबद्दल खरे प्रश्न विचारा. सही त्याला जमेल तशी त्यालाच करू द्या. आणि तो 'झालं' म्हणाला की ते झालं, हे माना.